जंगलातला आठवडा आणि नंतरचे तीस दिवस : कुटुंबासह नवेगाव-नागझिरा सहलीची आरोग्य-तयारी

थायलंड, श्रीलंका किंवा केनियाला सहकुटुंब जायचे ठरले की आपण डॉक्टरांना विचारतो : कोणत्या लसी घ्यायच्या, डासांसाठी काय न्यायचे, पाणी कोणते प्यायचे? नवेगावबांध किंवा नागझिऱ्याला जाताना मात्र हे कोणी विचारत नाही. आपलाच जिल्हा, आपलेच राज्य, गाडीत बॅगा टाकल्या की निघालो.

नकाशा उघडून पाहा. कर्कवृत्त गोंदियाच्या बरेच उत्तरेला, मध्य प्रदेशातून जाते. म्हणजे गोंदियासह अख्खा महाराष्ट्र उष्ण कटिबंधात येतो. उष्ण देशात जाणाऱ्या प्रवाशाला जी काळजी घ्यायला सांगतात, ती सगळी इथेही लागू आहे. श्रीलंकेला जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये हिवतापमुक्त देश म्हणून प्रमाणपत्र दिले. आपल्या पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात हिवताप, म्हणजेच मलेरिया, अजून आहे.

मी गोंदिया जिल्ह्यात जनरल प्रॅक्टिस करतो. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची, नागपूरची कुटुंबे इथे येतात. त्यांच्यासाठी आणि त्यांना बोलावणाऱ्या इथल्या नातेवाइकांसाठी हा लेख आहे.

लेखातील महत्त्वाचे मुद्दे

- सहल सात दिवसांची असली तरी आरोग्याची काळजी परतल्यानंतर किमान तीस दिवस घ्यायची असते.
- जंगलातून परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा : "आम्ही जंगलात राहून आलो आहोत."
- मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करा. एक तपासणी निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही.
- लहान मुले, गरोदर स्त्रिया, ज्येष्ठ नागरिक आणि सिकलसेलचे रुग्ण यांची तयारी वेगळी करावी लागते.

माझ्याच घरातली चूक

काही वर्षांपूर्वी दिवाळीत माझा धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा पुण्याहून आले. मीच आठवड्याचा कार्यक्रम आखला होता. उन्हाची टोपी, ओआरएस, उलटीच्या गोळ्या, सगळे मी स्वतः बॅगेत भरले. एक गोष्ट सांगायची मात्र राहिली : "परत गेल्यावर ताप आला तर मला लगेच फोन करा."

परतल्यावर बाराव्या दिवशी पुतण्याला ताप आला. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, व्हायरल असेल म्हणून पॅरासिटामॉल सुरू झाले. जंगलाचा उल्लेख घरच्यांनी केला नाही, कारण सहल होऊन दोन आठवडे झाले होते. चौथ्या दिवशी भावाने दुसऱ्याच कामासाठी फोन केला आणि बोलता बोलता म्हणाला, "दादा, याचा ताप उतरत नाहीये." त्याच संध्याकाळी रक्ताची काच तपासली. फॅल्सिपेरम मलेरिया होता, प्लेटलेट्स खाली आल्या होत्या. मुलाला दाखल करून आर्टेसुनेटची इंजेक्शने द्यावी लागली. तो पूर्ण बरा झाला. पण फोन आणखी दोन दिवस उशिरा आला असता तर काय झाले असते, हे डॉक्टर म्हणून मला चांगले ठाऊक आहे. तेव्हापासून माझ्या यादीत ते वाक्य सर्वांत वर असते.

सहलीला कोणता काळ निवडावा?

नागझिरा अभयारण्य १९७० चे, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चे. २०१३ मध्ये हा परिसर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पावसाळ्यात सफारी बंद असते. बाकीच्या प्रत्येक मोसमाचा धोका वेगळा आहे.

- ऑक्टोबर-नोव्हेंबर : जंगल हिरवे असते, हाजरा धबधब्याला पाणी असते, शाळांना सुट्टी असते. मलेरिया, डेंग्यू आणि स्क्रब टायफसचा काळही हाच. दिवाळीत येत असाल तर डास आणि कीटकांपासून संरक्षणाला पहिला क्रमांक द्या.
- डिसेंबर ते फेब्रुवारी : लहान मुले आणि ज्येष्ठांसाठी सर्वांत बरा काळ. पण पहाटेच्या उघड्या जिप्सीत वारा झोंबतो. दम्याच्या रुग्णाने कान-नाक झाकावे, इनहेलर बॅगेत नको, खिशात ठेवावा.
- मार्च ते जून : पाणवठ्यावर प्राणी दिसण्याची शक्यता जास्त. मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाऊ शकतो. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदय-मूत्रपिंडाचे रुग्ण यांना या काळात आणू नये, असे माझे मत आहे.

सात दिवसांची आखणी

डॉक्टर म्हणून सांगायचे तर आखणीचा एकच नियम आहे : दमवणारा दिवस आणि विश्रांतीचा दिवस आलटून-पालटून ठेवा.

*पहिला दिवस :* गोंदियात पोहोचा आणि आराम करा. औषधे, ओआरएस, मच्छरदाण्या इथेच घ्या. पुढे मोठे औषध दुकान सहज मिळेलच असे नाही.

*दुसरा दिवस :* सालेकसा तालुक्यातील दरेकसा परिसर, म्हणजे हाजरा धबधबा आणि कचारगडच्या गुहा. चढ आहे, दगड निसरडे आहेत. सकाळी जा, दुपारपर्यंत उतरा.

*तिसरा दिवस :* उशिरा उठा, दुपारनंतर नागझिऱ्याकडे निघा.

*चौथा दिवस :* एकच सफारी, सकाळची किंवा संध्याकाळची. लहान मुलांना एकाच दिवशी दोन्ही नकोत.

*पाचवा दिवस :* नवेगावबांध. तलावाकाठी पक्षी पाहा, बाकी काही नको.

*सहावा दिवस :* इटियाडोह धरण किंवा दुसरी सफारी.

*सातवा दिवस :* परतीचा प्रवास, तोही दिवसा.

प्रत्येक मुक्कामी पोहोचल्यावर यजमानाला तीन गोष्टी विचारा : जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे? ग्रामीण रुग्णालय कुठे? रात्री गाडी मिळेल का? जंगलात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून उत्तरे कागदावर लिहून ठेवा. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८.

"इथे तर घाण नाही, मग डास कुठून?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलिस डास गटारात नाही, तुलनेने स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्याकडच्या दोन मुख्य जातींपैकी एक धानाच्या बांध्या, मामा तलावांचे काठ आणि साचलेल्या पाण्यात वाढते. दुसरी डोंगरपायथ्याच्या संथ वाहत्या झऱ्यांत वाढते. म्हणजे झऱ्याकाठचे सुंदर, स्वच्छ रिसॉर्ट ही डासांच्याही सोयीची जागा आहे.

हा डास संध्याकाळ ते पहाट या वेळात चावतो. चावताना फारसा आवाज होत नाही, खाजही कमी येते. "आम्हाला तर डास चावलेच नाहीत" या वाक्यावर म्हणूनच माझा विश्वास नसतो. डेंग्यूचा एडिस डास याउलट दिवसा चावतो.

काय करावे?

- सूर्य मावळण्याआधी सर्वांनी पूर्ण बाह्यांचे कपडे, पायघोळ विजार आणि मोजे घालावेत.
- उघड्या त्वचेवर डास पळवणारे मलम लावावे. डीईईटी असलेले मलम दोन महिन्यांपेक्षा मोठ्या बाळाला चालते. बाळाच्या हाताच्या पंजांना, डोळ्यांजवळ आणि तोंडाजवळ लावू नका. दोन महिन्यांखालील बाळासाठी फक्त मच्छरदाणी.
- सनस्क्रीन आधी लावा, डासांचे मलम नंतर.
- मच्छरदाणीतच झोपा. औषधभारित मच्छरदाणी सर्वांत उत्तम. कडा गादीखाली खोचा. फाटलेली मच्छरदाणी नसल्यासारखीच.
- शेकोटीभोवती गप्पा मारताना पाय उघडे ठेवू नका. धुराने थोडे डास कमी होतात, संरक्षण होत नाही.

आधीच गोळी घेता येते का?

येते, पण सरसकट नाही. जास्त मलेरिया असलेल्या भागात थोड्या काळासाठी जाणाऱ्या प्रौढांना डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज एक असे दिले जाते. ती जाण्याच्या दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. आठ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती देत नाहीत. रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ होते, उन्हात त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. तुम्ही कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात, किती रात्री राहणार, यावरून तुमचे डॉक्टर ठरवतील. मनाने घेऊ नका. आणि गोळी घेतली तरी मच्छरदाणी सुटत नाही.

सिकलसेल असलेल्या कुटुंबांसाठी

पूर्व विदर्भात सिकलसेल अनेक घरांत आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. घरात कोणाची तपासणी राहिली असेल तर सहलीआधी करून घ्या.

सिकलसेल रुग्णाला (एसएस) पाण्याची कमतरता, थंडी आणि अति दमणे, या तिन्हींमुळे वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यामुळे धबधब्याच्या गार पाण्यात आंघोळ नको, पहाटेच्या जिप्सीत उबदार कपडे हवेत आणि पाणी दिवसभर थोडे थोडे प्यायला हवे. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. ताप आला तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

"आमच्यात सिकल आहे, आम्हाला मलेरिया होत नाही" हा गैरसमज आहे. वाहकाला (एएस) गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, पण मलेरिया होतोच. आणि एसएस रुग्णाला तो झाला तर जास्त धोकादायक ठरतो.

ऊन, पाणी आणि पोट

बाटलीबंद किंवा उकळून गार केलेले पाणीच प्या. झऱ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी पिऊ नका. जुलाब सुरू झाले तर ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवा. ग्लासात अर्धे पाकीट टाकायची सवय चुकीची आहे, मुलांमध्ये त्याने रक्तातले मीठ वाढते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ.

उन्हात चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे आले तर सावलीत झोपवा, पाणी पाजा. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले आणि शुद्ध हरपत चालली तर तो उष्माघात आहे. अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

इन्सुलिन गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत कधीही ठेवू नका. फ्रीज नसेल तर पिशवीत बांधून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळी सहलीआधी डॉक्टरांना भेटा.

साप, विंचू, माकडे

- जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री अंथरुणात शिरते. तिचा दंश दुखत नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर सर्पदंशाचा संशय घ्या.
- रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि बंद बूट हवेतच. सकाळी बूट झटकूनच घाला.
- साप चावल्यास दोरी आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. साप पकडायला जाऊ नका. धीर द्या, चावलेला अवयव हलू देऊ नका आणि थेट रुग्णालयात न्या. प्रतिविष, म्हणजे अँटी स्नेक व्हेनम, हाच उपचार आहे.
- विंचू चावल्यावर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर लगेच रुग्णालय गाठा. मुलांमध्ये हृदयावर परिणाम होऊ शकतो.
- माकड किंवा कुत्रा चावला, ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद-चुना लावू नका. रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करा. सहल अर्धवट सोडावी लागली तरी चालेल.

हाजरा धबधब्यासारख्या ठिकाणी साप-विंचवापेक्षा पाण्याचाच धोका मोठा. लहान मुलाचा हात मोठ्या माणसाच्या हातात हवा. मद्य घेतलेल्या माणसाने पाण्यात उतरू नये.

परतल्यानंतर : कॅलेंडरवर खूण करा

घरी आल्यावर कॅलेंडरवर परतल्याची तारीख आणि तिच्यापुढचा तिसावा दिवस लिहा. या काळात कोणालाही ताप आला तर पुढील अंदाज उपयोगी पडतो. दिवस डास किंवा कीटक चावल्यापासून मोजायचे आहेत.

- डेंग्यू : साधारण ४ ते १० दिवस.
- फॅल्सिपेरम मलेरिया : बहुधा ९ ते १४ दिवस, कधी महिनाभरही. जंगलात पाऊल टाकल्यापासून सात दिवसांच्या आत आलेला ताप सहसा या सहलीतल्या मलेरियाचा नसतो.
- व्हायवॅक्स मलेरिया : दोन-तीन आठवडे, कधी काही महिन्यांनीही. याचे जंतू यकृतात दडून राहतात.
- स्क्रब टायफस : ६ ते २१ दिवस. गवत-झुडपांतल्या बारीक माइट किड्यांच्या अळ्यांमुळे होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास याचे बरेच रुग्ण आढळले होते. काख, जांघ, कमरेचा पट्टा इथे सिगारेटने भाजल्यासारखा काळा, न दुखणारा डाग शोधा. दिसला तर डॉक्टरांना दाखवा.
- विषमज्वर आणि कावीळ : दूषित पाण्या-अन्नातून. विषमज्वर एक ते चार आठवड्यांनी, काविळीचे काही प्रकार त्याहूनही उशिरा.

मलेरियाचा ताप दिवसाआडच येतो, थंडी वाजूनच येतो, असे नाही. मुलांमध्ये नुसता ताप, उलट्या किंवा सुस्ती एवढेच दिसू शकते. झटपट चाचणी किंवा रक्ताची काच निगेटिव्ह आली आणि ताप चालूच राहिला, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा तपासा, एकूण तीनदा. ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. निदान होईपर्यंत तापासाठी फक्त पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळा, डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

व्हायवॅक्स निघाला तर सहसा चौदा दिवसांचा प्रायमाक्विनचा कोर्स असतो. ताप तिसऱ्या दिवशी उतरला म्हणून तो सोडू नका, नाहीतर आजार उलटतो. हे औषध गरोदर स्त्रियांना आणि लहान बाळांना देत नाहीत. जी-६-पीडी एन्झाइमची कमतरता असल्यास रक्तपेशी फुटू शकतात, म्हणून लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

तातडीने रुग्णालयात कधी जावे?

तापाबरोबर यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहू नका :

- गुंगी, बडबड, झटके
- वारंवार उलट्या, पाणीही न टिकणे
- धाप लागणे
- लघवी खूप कमी किंवा काळपट होणे
- डोळे पिवळे होणे
- कुठूनही रक्तस्राव
- बाळाने दूध न घेणे, उठून बसण्याचीही ताकद नसणे
- गरोदरपणात कोणताही ताप

नेहमीचे प्रश्न

*गरोदर असताना ही सहल करावी का?*
मलेरियाच्या काळात जंगलातला मुक्काम टाळावा. गरोदरपणात मलेरिया आई आणि बाळ दोघांनाही जास्त धोकादायक असतो.

*आम्ही मूळचे इथलेच, लहानपणी मलेरिया होऊन गेला. आता होईल का?*
होईल. वारंवार संसर्गाने आलेली थोडीफार प्रतिकारशक्ती शहरात काही वर्षे राहिल्यावर ओसरते. शहरात जन्मलेल्या तुमच्या मुलांना ती कधी नव्हतीच.

*एकाच रात्रीचा मुक्काम असेल तर?*
संसर्ग व्हायला एक चावा पुरेसा आहे. मच्छरदाणी त्या एका रात्रीही लावा.

शेवटी

जंगल पाहायला जरूर या. मुलांना सारस, रानगवा आणि नशिबात असेल तर वाघही दाखवा. निघताना एक चिठ्ठी लिहून प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा : कुठे राहिलो, कोणत्या तारखांना राहिलो, कोणती औषधे घेतली. महिनाभरात ताप आला तर तीच चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवा. आणि गावाकडच्या यजमानांनो, पाहुण्यांच्या गाडीत तांदळाची पिशवी ठेवताना एवढे सांगाच : "महिनाभरात ताप आला तर आधी रक्त तपासा, आणि आम्हाला कळवा."

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधे आणि मात्रा आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.*